आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी आणि पाळीतील बदल



मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर महाराष्ट्राची हद्द जेथे संपते, तेथे तलासरी तालुक्यातील अच्छाड हे गाव आहे. पलीकडे गुजरातमधील भिलाड. भाताची कापणी उरकली की या परिसरातील अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीस जातात. तेथे ओळखीची आशा कार्यकर्ती नसते, परिचारिका नसते; औषधाचे दुकान मात्र रस्त्यावर असते. आपत्कालीन गर्भनिरोधक गोळीसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट भारतात २००५ साली उठविण्यात आली, हे योग्यच झाले. तथापि गोळी सुलभ झाली, तितकी तिच्यासंबंधीची माहिती सुलभ झाली नाही.

या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे १.५ मिलिग्रॅम संप्रेरक असते. संबंधानंतर ७२ तासांच्या आत, आणि त्यातही जितक्या लवकर घेता येईल तितक्या लवकर, ती घ्यावयाची असते. स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया ती लांबणीवर टाकते. दिवस राहिले असतील तर ती गर्भ पाडीत नाही आणि त्यास अपायही करीत नाही. गर्भपाताच्या गोळ्या सर्वस्वी निराळ्या असून त्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाच्या असतात. बोलीभाषेत दोहोंनाही ‘गोळी’च म्हणतात, ही साधी बाब अनेक अनर्थांना कारण होऊ शकते.

गोळी घेतल्यानंतर बहुतेक स्त्रियांची पाळी नेहमीच्या तारखेच्या आगेमागे एका आठवड्यात येते. पाळीचक्राच्या आरंभी गोळी घेतल्यास ती काहीशी लवकर येण्याचा संभव असतो, तर उत्तरार्धात घेतल्यास काहीशी उशिरा. स्राव नेहमीपेक्षा कमी अथवा अधिक होऊ शकतो. काहींना मध्येच थोडे रक्त जाते, कपड्यावर डाग दिसतात. हे सारे त्या एका मात्रेच्या संप्रेरकाचे परिणाम होत. पुढील एकदोन चक्रांत पाळी सहसा पूर्ववत होते. यामुळे वंध्यत्व येते ही समजूत निराधार आहे.

खरा धोका या बदलांचा अर्थ चुकीचा लावण्यात आहे. गोळीनंतर चारपाच दिवसांनी थोडे रक्त दिसले की स्त्रीला वाटते, पाळी आली, चिंता मिटली. वस्तुतः ते केवळ डाग असू शकतात आणि दिवस राहिलेले असू शकतात. याउलट पाळी चार दिवस लांबली की दुसरी स्त्री घाबरून पुन्हा तीच गोळी घेते, अथवा कोणाच्या सांगण्यावरून गर्भपाताच्या गोळ्या आणते. पहिलीचे निदान उशिरा होते, दुसरी विनाकारण रक्तस्राव ओढवून घेते. आणि अंगात मुळातच रक्त कमी असलेल्या कष्टकरी स्त्रीला तो परवडणारा नसतो.

म्हणून नियम एकच ध्यानात ठेवावा. पाळी अपेक्षित तारखेपेक्षा सात दिवसांहून अधिक लांबली, तर लघवीची गर्भचाचणी करावी. ज्यांची पाळी मुळातच अनियमित आहे, त्यांनी संबंधानंतर तीन आठवड्यांनी ती करावी. ‘निश्चय’ हा चाचणीचा संच आशा कार्यकर्तीकडे मिळतो. ओटीपोटात एका बाजूस तीव्र वेदना, घेरी अथवा अतिशय रक्तस्राव असेल, तर चाचणीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गर्भ गर्भाशयाबाहेर रुजल्याचे ते लक्षण असू शकते.

मळमळ, डोकेदुखी, थकवा, स्तनांत हुळहुळणे हे त्रास दोनएक दिवसांत ओसरतात. गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाल्यास मात्र मात्रा पुन्हा घ्यावी लागते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनमुळे आणि अपस्माराच्या काही औषधांमुळे गोळीचा गुण कमी होतो. अशा स्त्रीने डॉक्टरांकडून पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणे अधिक खात्रीचे. इतरांनाही आपत्कालीन उपाय म्हणून तांबीच सर्वाधिक परिणामकारक आहे. गोळी पुढील संबंधांपासून संरक्षण देत नाही आणि ती महिन्यामागून महिने घेण्याची वस्तू नव्हे. त्यासाठी ‘छाया’, ‘माला-एन’, ‘अंतरा’ अथवा निरोध आहेत.

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांना प्रखर विरोध सहन करावा लागला. शंभराहून अधिक वर्षे उलटली. तरी ग्रामसभेत नळ आणि रस्ता यांवर तासभर चर्चा होते, पाळीचा विषय निघाला की माना खाली जातात. वास्तविक सरपंचाने अथवा मुख्याध्यापकाने वैद्यकीय सल्ला द्यावा अशी कोणाचीही अपेक्षा नाही. आशा कार्यकर्तीपाशी गोळ्या व चाचणीसंच शिल्लक आहेत ना, एवढे विचारणे पंचायत सदस्यास सहज शक्य आहे. शिक्षकांची जबाबदारी अधिक नाजूक आहे. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार घटना कळविणे बंधनकारक ठरते; मात्र तिचे नाव शाळेत अथवा गावात चर्चेस येता कामा नये. अत्याचारग्रस्त स्त्रीवर विनामूल्य उपचार करणे सरकारी व खासगी अशा सर्वच रुग्णालयांवर २०१३ पासून कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्या उपचारांत ७२ तासांच्या आतील ही गोळी येते. पोलिसांत नोंद होईपर्यंत उपचार थांबविण्याचे कारण नाही.

स्थलांतराचा प्रश्न उरतोच. पाड्यावरील स्त्रिया पुष्कळदा कॅलेंडरावर खूण करीत नाहीत. आठवडी बाजार आणि सण यांवरून त्या दिवस मोजतात. गोळी देतानाच आशा कार्यकर्तीने पुढील पाळी कोणत्या बाजाराच्या सुमारास यावयास हवी, आणि त्यानंतरचा कोणता बाजार उलटला की चाचणी करावयाची, हे वारली बोलीत सांगावे. कुटुंब भट्टीवर निघते तेव्हा शिधापत्रिका व मुलांच्या लसीकरणाचे कार्ड पिशवीत जाते. त्याच पिशवीत ‘निश्चय’चा एक संच घालून द्यावा आणि तो कसा वापरावयाचा हे निघण्यापूर्वीच दाखवावे.