उडी मारणारे मूल आणि आपण

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



 आम्ही काही वक्ते नव्हे. दिवसभर बँकेच्या काउंटरवर व्हाउचर तपासणारे कारकून आहोत. आजचा आमचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. शिक्षण, नोकरी, व्यसनमुक्ती हे विषय सोडून मुलांच्या उड्यांवर कसले भाषण, असेही कोणी म्हणेल. परंतु आपल्या वसाहतीत संध्याकाळी एक फेरी मारा. कठडे, जिने, पाण्याच्या टाक्या, अर्धवट बांधलेले स्लॅब, सगळीकडे मुले उड्या मारताना दिसतील. मोबाईलवर पाहून ती जे करतात त्याला पार्कोर म्हणतात. मुलांना हा शब्द पाठ आहे, आपल्याला माहीत नाही. अडचण येथूनच सुरू होते.

प्रथम आमचीच चूक सांगतो. आमचा मुलगा सातवीत होता. एके दिवशी शेजाऱ्यांनी सांगितले, "तुमचा पोरगा टाकीवरनं शेजारच्या स्लॅबवर उडी टाकतोय, बघा जरा." आम्ही घरी येताच त्याला दोन थपडा दिल्या आणि "परत गच्चीवर दिसलास तर तंगडं मोडीन" असा दम भरला. प्रश्न मिटला, असे समजून आम्ही निर्धास्त झालो. पुढे काही आठवड्यांनी त्याच्या आईच्या लक्षात आले, की पोरगा शाळेचे दप्तर डाव्या हाताने उचलतो आणि भाकरी मोडताना कळवळतो. दवाखान्यात नेले. फोटो काढला. मनगटाजवळच्या हाडाला तडा होता आणि तो दहा-बारा दिवसांपूर्वीचा होता. "सांगितलं का नाहीस?" असे विचारताच तो खाली मान घालून म्हणाला, "पप्पा मारतील म्हणून." डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "पोरं पडतातच. पण दुखणं लपवलं की आमच्या हातात उशिरा येतं."

मित्रहो, वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी वाढीचा कोवळा भाग असतो. तेथील इजा वेळीच कळली नाही तर हाडाची वाढ बिघडू शकते. म्हणजे आमच्या मुलाला उडीपेक्षा आमच्या धाकाने अधिक धोक्यात घातले होते. बंदीने उडी थांबली नाही, फक्त आमच्या नजरेआड गेली. त्या दिवसापासून आम्ही हा खेळ समजून घेण्याचे ठरविले.

पार्कोर हा खेळ फ्रान्समधून आला. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज एबेर नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने धावणे, चढणे, उडी मारणे, तोल सांभाळणे, ओझे उचलणे अशा स्वाभाविक हालचालींवर व्यायामाची एक पद्धत उभारली. शरीर बलवान करायचे ते इतरांच्या उपयोगी पडण्यासाठी, अशी त्यांची शिकवण होती. अडथळ्यांच्या मार्गावरून धावण्याचे सैनिकी शिक्षण त्याच वाटेवरचे. रेमों बेल यांनी असे शिक्षण घेतले आणि पुढे ते पॅरिसच्या अग्निशमन दलात गेले. त्यांचा मुलगा दाविद बेल आणि त्याचे सवंगडी यांनी पॅरिसजवळच्या लिस गावात १९८० च्या दशकाच्या अखेरीस या खेळाला आजचे रूप दिले. ब्रिटनने २०१७ मध्ये त्याला अधिकृत खेळाची मान्यता दिली. २०२२ मध्ये टोकियो येथे आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक महासंघाने पहिली जागतिक स्पर्धा भरविली. तेव्हा हा केवळ टवाळ पोरांचा उद्योग नाही. जळत्या घरात शिरणाऱ्या माणसाच्या घरातून तो आलेला आहे.

मात्र मोबाईलवर दिसते ती शेवटची उडी. तिच्यामागची वर्षे दिसत नाहीत. जाणकार शिक्षक आधी जमिनीवर रेघ आखून तिच्यावर अचूक उतरायला शिकवितो. चवड्यावर उतरावे, गुडघे वाकवावेत, आवाज होऊ देऊ नये. उंची वाढली की खांद्यावरून तिरकी कोलांटी घेऊन जोर वाटून टाकावा. उडी मारण्यापूर्वी कठडा हलतो का, शेवाळ आहे का, पलीकडे सळया आहेत का, हे हाताने तपासावे. पहिला धडा उडीचा नसून पडण्याचा असतो.

आम्ही कोल्हापूरकरांनी हे नवे समजू नये. आपल्या तालमींत हेच चालत आले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून पूर्ण केलेल्या खासबाग मैदानाच्या या शहरात कुस्ती म्हणजे नुसती ताकद, असे कोणी म्हणत नाही. आखाड्याची तांबडी माती आधी उकरून मऊ करतात. तिच्यात तेल, ताक, हळद मिसळतात. नवे पोर आले की वस्ताद त्याला एकदम मोठ्या मल्लाच्या अंगावर सोडत नाही, वजन आणि वकूब पाहून जोड लावतो. माती, वस्ताद आणि जोड, ही तिन्ही पोराच्या रक्षणाची साधने आहेत. गच्चीवर उडी मारणाऱ्या आपल्या मुलाजवळ यांपैकी एकही नसते. खाली सिमेंट असते, वस्तादाच्या जागी मोबाईल असतो आणि जोड म्हणून "तुला जमतंय काय?" असे डिवचणारा मोठा पोरगा असतो.

दुसरे उदाहरण दहीहंडीचे. सर्वांत वरच्या थरावर लहान मूल चढविण्याची रीत होती. वजन कमी, म्हणून मूल वर. टाळ्या मोठ्यांच्या, बक्षीस मंडळाचे आणि पडण्याचा धोका मुलाचा. अखेर प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि उंचीवर वीस फुटांची मर्यादा घातली. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद चालला. २०१७ मध्ये चौदा वर्षांखालील मुलांना थरांत घेणार नाही, ही राज्य शासनाची भूमिका उच्च न्यायालयाने नोंदवून घेतली, उंचीवर मात्र मर्यादा घातली नाही. २०२२ मध्ये शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. वयाच्या आकड्यावर मतभेद असतील. पण त्यातून एक प्रश्न आपण घरी आणावा. मूल चढते आहे ते स्वतःच्या हौसेने, की आपल्या टाळ्यांसाठी? "आज नको" असे म्हणण्याची त्याला मुभा आहे का? ज्या खेळात मुलाला नाही म्हणता येत नाही, तो खेळ त्याचा राहत नाही.

आता थोडे नाजूक बोलायचे आहे. खेळात धोका केवळ सिमेंटचा नसतो, माणसाचाही असतो. आमच्या बँकेत तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन किल्ल्या दोघांच्या ताब्यात असतात. यात कोणावर चोरीचा आळ नसतो. नियम आहे म्हणून प्रामाणिक माणूसही निर्धास्त राहतो. जी काळजी आपण नोटांची घेतो, ती पोटच्या पोराची घ्यायला नको काय? शिकवणी मोकळ्या जागेत, पालकांना केव्हाही येता येईल अशी असावी. एकट्या मुलाला एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत किंवा परगावी पाठवू नये. अंगाला हात लावून शिकवावे लागतेच, पण कोठे आणि कशासाठी हे मुलाला आधी सांगितलेले असावे. रात्री खाजगी निरोप पाठविणारा, "घरी सांगू नकोस" म्हणणारा शिक्षक कितीही नामांकित असो, मुलाला तेथून काढावे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा २०१२ पासून लागू आहे. तो अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघांनाही संरक्षण देतो आणि असा गुन्हा माहीत असून न कळविणे हाही त्यात अपराध आहे. मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक १०९८ प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

पालकांना आमच्या अनुभवातून काही गोष्टी सुचवितो. महिन्यातून एकदा तरी मुलाचा सराव स्वतः उभे राहून पाहा. शिक्षक कोठे शिकला, प्रथमोपचार जाणतो का, हे विचारायला लाजू नका. गच्ची, विजेच्या तारांजवळची जागा आणि बांधकामाचे स्लॅब यांना साफ नकार द्या, पण त्याच दमात मैदान, वाळू, गादी यांची सोय करा. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी, बरळणे किंवा वाढती डोकेदुखी दिसली तर "झोपला की बरं वाटेल" असे म्हणू नका. लगेच दवाखाना गाठा, १०८ वर गाडी बोलवा. आणि मुलींना "तू कशाला?" म्हणून मागे ओढू नका. धोका ओळखून पाऊल टाकणे तिलाही शिकायचे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एवढेच सांगणे आहे. चित्रण काढणाऱ्याच्या आग्रहासाठी उडी मारू नका. मनात शंका आली तर पायरी उतरून खाली या, त्यात कमीपणा नाही. लागले तर त्याच दिवशी घरी सांगा. घरी धीर होत नसेल तर मावशीला, शिक्षकांना, या संस्थेतील कोणाही कार्यकर्त्याला सांगा.

पाठिंबा म्हणजे काय, हे या शहराने एकदा दाखवून दिले आहे. १९५२ साली खाशाबा जाधव यांना हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडत होते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते. गहाणखताचे कागद आम्ही रोज हाताळतो, म्हणून त्या सहीचे मोल आम्हांस कळते. आपल्याला घर गहाण ठेवायचे नाही. आठवड्यातील एक संध्याकाळ द्यायची आहे.

म्हणून कार्यकारिणीपुढे आमची नम्र सूचना आहे. रविवारी सकाळी संस्थेचे सभागृह दोन तास मोकळे ठेवावे, जुन्या गाद्या गोळा कराव्यात, जाणकार व्यायाम शिक्षक बोलवावा आणि दर वेळी आळीपाळीने दोन पालकांनी तेथे बसावे. पहिल्या चार रविवारी आम्ही उभयता येऊ. आमच्या मुलाचा हात आता बरा आहे. तो अजूनही उड्या मारतो. फरक एवढाच, की घरातून निघताना "पप्पा, बघायला येता काय?" असे विचारतो.