प्रकाश, व्यापार आणि वैद्यक
(आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी मला आधुनिक संशोधनाविषयी चार शब्द बोलावयास सांगितले आहे. मी जन्मभर शाळेत मुलांना शिकविणारा मनुष्य. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. तेव्हा प्रयोगशाळेत आयुष्य घालविलेल्या विद्वानाच्या अधिकाराने मी बोलू शकणार नाही. परंतु कठीण विषय समजेल अशा रीतीने उलगडून सांगणे हा शिक्षकाचा धर्म होय, आणि तेवढाच अधिकार घेऊन मी आपणासमोर उभा आहे.

हा विषय स्वीकारण्यास एक निमित्तही आहे. आपल्या शिष्यवृत्ती निधीच्या विनियोगाविषयी काही महिने चर्चा चालू आहे. डॉक्टरी व इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांना साहाय्य द्यावे याबद्दल मतभेद नाही, परंतु पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या मुलामुलींना ते द्यावे काय, याबद्दल आहे. "पाच-सहा वर्षे शिकून हातात काय येणार? तिशी उलटेपर्यंत मिळकत नाही, मुलगी असेल तर लग्नाची चिंता वेगळीच," असे काही सभासद म्हणतात. हे म्हणणे उपेक्षणीय नाही. निधीतील पैसा कोणाच्या दुकानाच्या गल्ल्यातून, कोणाच्या पगारातून, तर कोणाच्या पेन्शनीतून आलेला आहे. त्याचा हिशेब मागण्याचा प्रत्येकास हक्क आहे. त्या प्रश्नाचे उत्तर मी एका घडलेल्या हकीकतीच्या द्वारे देऊ इच्छितो.

आपल्यापैकी ज्यांना मधुमेह आहे, त्यांना नेत्रवैद्याने एका यंत्रापुढे बसविले असेल. हनुवटी टेकवावयाची, समोरच्या खुणेकडे पाहावयाचे, आणि काही क्षणांत पडद्यावर डोळ्याच्या आतील चित्र उमटते. सुई नाही, चिरा नाही, वेदना नाही. या तपासणीस ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, संक्षेपाने ओसीटी, असे म्हणतात. डोळ्याच्या मागील बाजूस जो पडदा असतो, ज्याला शास्त्रात दृष्टिपटल म्हणतात, त्याचे एकावर एक असलेले थर या चित्रात जमिनीच्या उभ्या छेदाप्रमाणे दिसतात. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा बारकावाही त्यात ओळखू येतो.

हे कसे साधते ते पाहू. सोनोग्राफी आपणा सर्वांस परिचित आहे. तिच्यात ध्वनिलहरी शरीरात सोडतात. त्या आतील अवयवांवर आपटून परत येतात, आणि परत येण्यास किती वेळ लागला त्यावरून अवयव किती खोल आहे हे कळते. विहिरीत हाक मारावी आणि प्रतिध्वनीवरून खोली ताडावी, तसाच हा प्रकार. ओसीटीमध्ये ध्वनीऐवजी प्रकाश वापरतात. परंतु प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर. एका सेकंदाचे एक कोटी भाग करावेत, त्यातील एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करावेत. अशा सुमारे तीन भागांत प्रकाश मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा ओलांडतो. एवढा काळ मोजणारे घड्याळ कोठून आणावे?

येथे एक जुना प्रयोग उपयोगी पडला. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्बर्ट मायकेलसन यांनी १८८१ साली एक उपकरण योजले. त्यात प्रकाशाचा एक किरण दोन भागांत विभागून दोन निरनिराळ्या वाटांनी पाठवीत व पुन्हा एकत्र आणीत. दोन्ही किरण एकत्र आले म्हणजे प्रकाशाच्या व काळोखाच्या पट्ट्या उमटतात. आपल्या शाळांतून 'व्यतिकरण' या नावाने शिकवितात तो हाच चमत्कार. विश्वात 'ईथर' नावाचे अदृश्य द्रव्य भरलेले आहे अशी तत्कालीन समजूत होती, आणि त्याचा शोध घेण्यासाठी हे उपकरण होते. १८८७ साली मायकेलसन व मोर्ले यांनी अधिक काटेकोरपणे प्रयोग केला. तरी ईथरचा मागमूस लागला नाही. शोधावयास गेले ते सापडलेच नाही! आपल्या निधीच्या हिशेबनिसाने हा खर्च बुडीत खात्यातच टाकला असता.

आता पुढे पाहा. ओसीटीमध्ये प्रकाशाचा एक भाग डोळ्यात जातो व दुसरा भाग एका आरशावर. येथे मुद्दाम असा प्रकाश घेतात की, दोन्ही वाटा जवळजवळ तंतोतंत समान असतील तरच त्या पट्ट्या उमटतात. मग आरसा हळूहळू सरकवीत जावे. आरसा ज्या अंतरावर असता पट्ट्या दिसतील, त्याच अंतरावर डोळ्यातील एखादा थर आहे हे निश्चित होते. काळ मोजण्याचे काम अशा रीतीने अंतर मोजण्यावर आले, आणि अशक्य ते शक्य झाले. पुढे आरसा न सरकविताही हेच काम अधिक वेगाने करण्याच्या रीती निघाल्या, परंतु मूळ तत्त्व तेच राहिले.

हे काम अमेरिकेत बोस्टन शहराच्या परिसरात झाले. जेम्स फुजिमोटो हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत प्राध्यापक. अतिसूक्ष्म काळ टिकणारे लेसरचे स्पंद हा त्यांचा विषय. एरिक स्वॉन्सन हे त्याच संस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेत अभियंते. एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे प्रकाशाच्या साहाय्याने संदेश कसा पाठवावा हे त्यांचे काम. आणि तिसरे डेव्हिड हुआंग. ते वैद्यक व पीएच.डी. या दोन्हींचा अभ्यास एकाच वेळी करणारे विद्यार्थी. बंधूंनो, 'विद्यार्थी' हा शब्द ध्यानात ठेवा. या तिघांनी, नेत्रवैद्य व इतर सहकाऱ्यांसह, १९९१ साली 'सायन्स' या नियतकालिकात आपला निबंध प्रसिद्ध केला. मायकेलसन यांच्या पहिल्या प्रयोगास त्या वेळी एकशेदहा वर्षे झाली होती.

निबंध प्रसिद्ध झाला म्हणजे रोग्याचे डोळे बरे होतात असे नाही. प्रयोगशाळेतील तारांचा व आरशांचा पसारा हाताळावयास तज्ज्ञच लागे. तो कोणत्याही रुग्णालयात चालावा, दहा वर्षे टिकावा, बिघडल्यास दुरुस्त व्हावा, याकरिता विद्येस व्यापाराचा हात धरावा लागतो. या मंडळींनी १९९२ साली एक लहान कंपनी काढली. १९९४ साली झाइस या प्रसिद्ध जर्मन उद्योगसमूहाच्या अमेरिकेतील कंपनीने ती विकत घेतली, आणि १९९६ साली यंत्र बाजारात आले. परंतु आरंभी त्यास गिऱ्हाईक थोडे. यंत्र महाग, चित्र संथपणे उमटणारे, आणि डॉक्टरांना त्याचा सराव नाही. कंपनीने यंत्र टाकून दिले नाही, सुधारीत नेले. २००२ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्याचा प्रसार वाढला. पुढे दृष्टिपटलाची सूज उतरविणारी इंजेक्शने प्रचारात आली, तेव्हा ती केव्हा द्यावीत व गुण आला की नाही हे ठरविण्यास हेच यंत्र डॉक्टरांचा आधार बनले. आज बारीक प्रकाशतंतूच्या टोकावरून हृदयाच्या रक्तवाहिन्याही याच पद्धतीने आतून पाहतात. २०२३ साली हुआंग, फुजिमोटो व स्वॉन्सन या तिघांना वैद्यकातील मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले.

या हकीकतीतून मला दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली वडीलधाऱ्यांसाठी. आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. मधुमेहाने दृष्टिपटलावर होणारा परिणाम आरंभी जाणवत नाही. काचबिंदूही बहुधा न दुखता दृष्टी नेतो, आणि गेलेली दृष्टी परत मिळत नाही. माझ्या थोरल्या बंधूंना मधुमेह आहे. त्यांना वर्तमानपत्रातील ओळी वाकड्या दिसू लागल्या, तेव्हा नवा चष्मा करावा एवढेच त्यांच्या मनात होते. ओसीटीच्या चित्रात पडद्याची सूज दिसली, वेळीच उपचार झाले, आणि आज ते स्वतःचे पत्र स्वतः वाचतात. म्हणून मधुमेह असलेल्या प्रत्येकाने, डोळ्यांची तक्रार नसली तरी, वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दुसरी गोष्ट आपणा सर्वांसाठी. मायकेलसन यांचे शोधन, हुआंग यांचे अध्ययन आणि कंपनीचे भांडवल यांपैकी एकही नसते तर ते यंत्र माझ्या बंधूंपर्यंत पोहोचले नसते. विद्वानाने व्यापारास हलके मानू नये, आणि व्यापाऱ्याने विद्येस निरुपयोगी मानू नये. आपल्या ज्ञातीत दुकानदार आहेत, कारखानदार आहेत, डॉक्टर आहेत. उणीव आहे ती संशोधकांची. आणि ती बुद्धीच्या अभावी नव्हे, तर धीराच्या अभावी आहे. आंब्याची कोय लावणारा मनुष्य दुसऱ्या वर्षी फळ मागत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आपण पदवी हाती पडताच पगाराचा आकडा विचारतो.

म्हणून माझी नम्र सूचना अशी आहे. निधीच्या वार्षिक उत्पन्नाचा पाचवा हिस्सा संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थ्यासाठी वा विद्यार्थिनीसाठी राखून ठेवावा. निवड कसोशीने करावी. परंतु एकदा निवड झाली म्हणजे साहाय्य सलग पाच वर्षे द्यावे. त्याच्या मार्गदर्शकाकडून दरवर्षी प्रगतीचे पत्र अवश्य मागवावे, मात्र "यातून पैसा किती मिळणार?" हा प्रश्न मधल्या काळात विचारू नये. उरलेले चार हिस्से पूर्ववत् डॉक्टरी, इंजिनिअरिंग व इतर शिक्षणाकडे जावेत. यात कोणाचा घास काढून घेतला जात नाही. आणि मुलगी निवडली गेली, तर तिच्या आईवडिलांना धीर देणे हे आपणा सर्वांचे काम आहे.

ही सूचना येत्या सर्वसाधारण सभेत विचारार्थ यावी, अशी विनंती मी अध्यक्षमहाशयांना करतो. सभेने ती नाकारली तरी माझा रोष नाही. विचार करून नाकारावी, एवढेच मागणे आहे.