हस्तकौशल्याची प्रतिष्ठा
(वसंत व्याख्यानमालेत सोलापूर येथे दिलेले व्याख्यान)



संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे विषय ऐकण्याची ज्यांना सवय आहे अशा श्रोत्यांपुढे, तीन-चार चेंडू एकापाठोपाठ एक हवेत उडवून त्यांतला एकही भुईला लागू न देण्याच्या विद्येविषयी, सर्कशीतली मंडळी जिला ‘जगलिंग’ म्हणतात त्या विद्येविषयी, मी आज बोलणार आहे, आणि त्याचा मला संकोच वाटत नाही; कारण ज्या शहरात संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज उभे तोलून अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेस नेले जातात, आणि त्या सेवेसाठी भक्तमंडळी कितीतरी आधीपासून सराव करतात, त्या शहराला हात आणि तोल यांची महती मुळापासून सांगण्याचे प्रयोजन नाही. नंदीध्वज ही सेवा आणि चेंडू हा खेळ, हा भेद मला पूर्णपणे मान्य आहे. तथापि त्याच दिवसांत भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावरच्या तंबूत, वर्षानुवर्षांच्या तपाने सिद्ध झालेले कसब आपण तिकीट काढून पाहतो आणि ते दाखविणाऱ्याचे नावही न विचारता बाहेर पडतो, याची मला मनापासून खंत वाटते.

ही उपेक्षा मराठी मुलखात व्हावी, हे विशेष दुःखाचे. कारण भारतीय सर्कशीचा आरंभच आपल्याकडला. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे कुरुंदवाड संस्थानात अश्वविद्येचे जाणकार म्हणून नोकरीस होते, आणि चिरिनीची परदेशी सर्कस मुंबईस येऊन गेल्यानंतर १८८० मध्ये त्यांनी आपली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. पुढे म्हैसाळच्या देवलांनी, कार्लेकरांनी तीच परंपरा चालविली, आणि पुण्याच्या दामू धोत्र्यांनी अमेरिकेतील रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीत हिंस्र पशूंचे शिक्षक म्हणून कीर्ती मिळविली. छत्रे स्वतः ग्वाल्हेरला हद्दूखाँसाहेबांकडे गाणे शिकलेले, आणि खाँसाहेबांचे पुत्र रहिमतखाँ यांना त्यांनी पुत्रवत सांभाळले, सर्कशीबरोबर गावोगावी नेले. एकाच आश्रयाखाली ख्याल आणि कसरत नांदत होती, हे दृश्य मला फार मोलाचे वाटते. परंतु त्या काळातील गवयाचे नाव आपल्या संगीताच्या इतिहासात आदराने नोंदले गेले, घोड्यांच्या व सिंहांच्या शिक्षकांची चरित्रे झाली, आणि रिंगणाच्या मध्यभागी उभे राहून चेंडू किंवा सोटे फिरविणारा मात्र बहुतेक वेळी दप्तराबाहेरच राहिला. पुढे वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या खेळांवर १९९८ च्या अधिसूचनेने बंदी आली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि आज आपली सर्कस उभी आहे ती प्रामुख्याने मनुष्यदेहाच्या कसबावर. म्हणून आता तरी त्या कसबाकडे निरखून पाहिले पाहिजे.

विल्यम हॅझ्लिट या इंग्रज निबंधकाराने १८२१ मध्ये लंडनात खेळ करणाऱ्या हिंदी कलावंतांवर एक निबंध लिहिला. पांढऱ्या वेषातला, जमिनीवर बसलेला एक पुरुष पितळेचे चार गोळे हवेत फिरवितो, हे पाहून तो इतका विस्मित झाला की, इतके निर्दोष असे मला स्वतःला काय करता येते, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. परंतु पुढे त्याने असाही निवाडा दिला की हे प्रावीण्य यांत्रिक होय, खरी प्रतिभा त्याहून वेगळी. निवाड्याचा हा उत्तरार्ध मला मान्य नाही. चेंडू झेलला गेला किंवा पडला, यांच्या मध्ये तिसरी अवस्था नसते. शब्दाचा कारागीर आपला दोष अलंकाराखाली झाकू शकतो, जादूगार तर झाकण्यावरच जगतो, परंतु हा मनुष्य सर्व काही उजेडात करतो, आणि म्हणूनच त्याच्या कलेत एक कठोर सचोटी असते. परंतु या सचोटीचे चीज झाले नाही: हॅझ्लिटच्याच काळात लंडन गाजविणारा, दक्षिण भारतातून गेलेला याच विद्येचा कलावंत रामो सामी १८५० मध्ये तेथेच वारला, तेव्हा त्याच्या दफनाच्या खर्चासाठी पत्नीला लोकांपुढे हात पसरावा लागला.

आणि ही विद्या केवळ सवयीची असती, तर तिच्यातून गणित निघाले नसते. चेंडू एक सेकंद हवेत राहावा तर तो सुमारे चार फूट वर जावा लागतो, दोन सेकंद राहावा तर दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे सुमारे सोळा फूट. म्हणून चेंडू वाढविणाऱ्याची परीक्षा त्याच्या मनगटाइतकीच पृथ्वीच्या आकर्षणाकडून घेतली जाते, आणि १९३१ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारलेला इटालियन एन्रिको रास्तेली दहा चेंडू फिरवीत असे, हे ऐकून जाणते लोक आजही स्तब्ध होतात. माहितीशास्त्राचा जनक क्लॉड शॅनन स्वतः हा छंद जोपासणारा होता. त्याने सिद्ध केले की, चेंडूचा हवेतला आणि हातातला काळ मिळवून त्याला हातांच्या संख्येने गुणावे, हाताचा रिकामा आणि भरलेला काळ मिळवून त्याला चेंडूंच्या संख्येने गुणावे, तर हे दोन्ही गुणाकार सारखेच येतात. १९८० नंतरच्या काही वर्षांत कॅलिफोर्निया आणि केंब्रिज येथील छांदिष्ट तरुणांनी, एकमेकांची खबर नसताना, प्रत्येक फेकीला अंक देणारी एक लेखनपद्धती शोधून काढली: चेंडू किती ठोक्यांनंतर पुन्हा फेकला जाईल, तो त्याचा अंक. अंकांची सरासरी म्हणजे चेंडूंची संख्या. ५, ३, ४ हा क्रम चार चेंडूंनी सुखाने चालतो. परंतु तेच अंक ५, ४, ३ असे मांडले, तर पहिल्या फेकीपासून पाचव्या ठोक्याला तिन्ही चेंडू एकाच हातावर येऊन आदळतात आणि सारा डाव मोडतो.

तीन चेंडूंचा मूळ प्रकार तर सोलापूरकरांना परका वाटूच नये. पद्मशाली विणकराच्या मागावरील धोट्याप्रमाणे प्रत्येक चेंडू या हातातून त्या हाती जातो, आणि दृष्टी हातांवर नसून वरच्या कमानीवर असते.

पाश्चात्त्य देशांत या छंदाभोवती एक बिरादरीच उभी राहिली आहे. अमेरिकेत १९४७ पासून तिची संस्था आहे, युरोपात १९७८ पासून वार्षिक मेळावे भरतात, आणि तेथे प्राध्यापक व रस्त्यावरचा कलावंत शेजारी उभे राहून एकमेकांना नवी फेक विनामूल्य शिकवितात. गुपित राखण्याचा रिवाजच तेथे नाही. आपल्याकडे काय झाले? काठी, दोर आणि कोलांट्यांचा वारसा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे डोंबारी, कोल्हाटी, गोपाळ आणि वाट्या-गोळ्यांचे खेळ करणारे गारुडी यांना आपण वेशीबाहेर ठेवले. ज्या इंग्रजी कायद्याने कित्येक जमातींना जन्मावरून गुन्हेगार ठरविले, त्याची तारेच्या कुंपणातील वसाहत याच शहरात होती; ‘सेटलमेंट’ हे नाव आजही आपल्या तोंडी आहे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपुष्टात आला, परंतु ज्यांची नावे त्याच्या यादीत नव्हती, त्या भटक्या कलावंतांवरही पडलेली संशयाची छाया हुकुमाने हटली नाही.

माझी मागणी मोठी नाही. आपल्या महानगरपालिकेच्या प्रत्येक शाळेत आठवड्यातून एक तास या विद्येची तजवीज व्हावी. साहित्याला खर्च जवळजवळ नाही: कापडाच्या तुकड्यांच्या मूठभर आकाराच्या तीन पिशव्या, आत आपली ज्वारी भरलेली, म्हणजे पडल्यावर त्या घरंगळत नाहीत. मुलाने आधी एकच पिशवी डोळ्यांच्या उंचीपर्यंत या हातातून त्या हाती टाकावी, मग दोन, आणि पहिली शिखरावर पोहोचली की दुसरी सोडावी. हे अंगवळणी पडल्यावरच तिसरी हाती घ्यावी. मात्र शिकविणारा माणूस आणायचा तो सर्कशीच्या तंबूतून किंवा डोंबाऱ्याच्या पालातून आणावा, त्याला शाळेच्या हजेरीपटावर गुरुजी म्हणून नोंदवावे, आणि त्याचे मानधन संगीतशिक्षकाहून एक रुपयानेही कमी असू नये.