समुद्रातल्या विजेचा फ्यूज

घरात दोन तारा एकमेकींना चिकटल्या की खट्‌कन फ्यूज उडतो. अंधार होतो, थोडी कुरकुर होते, पण घर वाचते; आणि शेजाऱ्यांचे दिवे तर लागलेलेच राहतात. बिघडलेला तेवढाच भाग तोडावा, बाकीचे चालू ठेवावे, हे विजेच्या संरक्षणाचे मुख्य सूत्र. हेच सूत्र भर समुद्रात पाळणे किती अवघड आहे, ते आज पाहू.

युरोपच्या उत्तर समुद्रात किनाऱ्यापासून दूर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. त्यांची वीज समुद्रतळावरच्या केबलमधून किनाऱ्यावर आणावी लागते. आपल्या घरातली वीज ए. सी., म्हणजे सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाणारी. तिच्या दृष्टीने लांब केबल म्हणजे मोठा रांजणच. दर हेलकाव्याला तो भरायचा आणि उपसायचा. अंतर शंभरएक किलोमीटर झाले की केबलची बरीचशी ताकद या भरण्या-उपसण्यातच जाते. म्हणून तिथे डी. सी., म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज पसंत करतात. तिच्यासाठी रांजण एकदा भरला की भरला.

ही युक्ती नवी नव्हे. १९५४ साली स्वीडनने आपल्या गॉटलंड बेटाला अशीच समुद्राखालून वीज पोचवली. आपल्याकडे चंद्रपूरची वीज ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला ७५२ किलोमीटर जाते, तीही डी. सी. म्हणूनच. जर्मनीच्या ‘बोरविन-१’ या ४०० मेगावॅटच्या वाहिनीने, २०१० च्या सुमारास, सागरी पवनचक्क्यांसाठी हाच मार्ग धरला.

मग अडते कुठे? अडते ते प्रवाह तोडण्यात. ए. सी. प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. ब्रेकर उघडताना त्याच्या दोन टोकांमध्ये ठिणगीची ज्योत पेटते. प्रवाह शून्यावर आला की ती विझवता येते. डी. सी. प्रवाहाला असा विसाव्याचा क्षणच नाही. ब्रेकर उघडला तरी ज्योत जळतच राहते. शिवाय बिघाड होताच प्रवाह काही सहस्रांश सेकंदांत कितीतरी पट चढतो. किनाऱ्यावरच्या केंद्रातल्या इलेक्ट्रॉनिक झडपा बंद केल्या, तरी बहुतेक रचनांत त्यांच्याशी जोडलेल्या डायोडमधून वीज बिघाडाकडे धावतच असते.

सध्याचा सोपा उपाय असा, की केंद्राच्या ए. सी. बाजूचा ब्रेकर उघडून सगळी वाहिनीच बंद करायची. एक पवनक्षेत्र, एक केबल, एक किनारा, एवढाच संसार असेल तर हे चालते. नाहीतरी ती केबल निकामी झालेलीच असते. पण अनेक पवनक्षेत्रे आणि अनेक देश एका जाळ्यात गुंफले तर? एका जहाजाचा नांगर एका केबलला ओढून गेला, आणि साऱ्या जाळ्याची हजारो मेगावॅट वीज एकदम गेली, हे कोणत्या देशाला परवडेल? समुद्रातली केबल दुरुस्त व्हायला आठवडे, कधी महिनेही लागतात.

तेव्हा दोन कामे साधली पाहिजेत: ओळखणे आणि तोडणे. बिघाडाची लाट दोनशे किलोमीटरची केबल साधारण एका सहस्रांश सेकंदात ओलांडते. पलीकडच्या टोकाला विचारून उत्तर येईपर्यंत थांबणे महागात पडते. म्हणून केबलच्या प्रत्येक टोकाला तारेचे मोठे वेटोळे बसवतात. शेजारच्या केबलवरची लाट या वेटोळ्यातून बोथट होऊन येते. आपल्या केबलवरची मात्र तीक्ष्ण असते. या फरकावरून तिथला रिले जागच्या जागी निर्णय घेतो.

तोडण्यासाठी २०१२ साली ए. बी. बी. कंपनीने एक संकरित ब्रेकर जाहीर केला. एरवी प्रवाह साध्या यांत्रिक स्विचमधून जातो, म्हणून वीज फारशी वाया जात नाही. बिघाड होताच तो इलेक्ट्रॉनिक वाटेवर वळवतात. यांत्रिक स्विच ज्योत न पेटता उघडतो. मग इलेक्ट्रॉनिक वाटही बंद होते आणि उरलेली ऊर्जा झिंक ऑक्साइडच्या रोधकात जिरते. सारा खेळ सुमारे पाच सहस्रांश सेकंदांचा. अशा वेगवान ब्रेकरांसह चीनमधले झांगबेई येथील चार केंद्रांचे जाळे २०२० साली सुरू झाले. ते जमिनीवरचे आहे, आणि पवन व सूर्य यांची वीज बीजिंगकडे नेते.

मग समुद्रात ते का बसवत नाहीत सगळीकडे? हे ब्रेकर मोठे आणि महाग असतात, आणि समुद्रातल्या मंचावर हातभर जागासुद्धा फार किमतीची. खर्चाचा हा प्रश्न खरा आहे. पण हिशेब मांडताना केवळ ब्रेकरची किंमत पाहून भागणार नाही. तो नसताना एका नांगरापायी किती वीज जाईल, हेही पाहावे लागेल. पवनचक्क्या किती उभारल्या, याचा आकडा आपण कौतुकाने वाचतो. त्या आकड्याशेजारी आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घेऊ या: एक तार तुटली, तर बाकीचे दिवे लागलेले राहतील ना?