हौदाबाहेरचा वस्ताद
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझा नातू अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. 'अम्मा', 'पानी' आणि गाडीचा एक आवाज, एवढीच त्याची पुंजी. आजोबा कवी म्हणवून घेणार आणि नातवाकडे तीन शब्द! घोडेगावात आमच्या आळीत सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, वेखंड उगाळून चाटवा. कुणी म्हणालं, जीभ जड आहे, खालचा पडदा कापून घ्या. 'मुलगे उशिराच बोलतात' हे तर सगळ्यांनाच पाठ. त्यात सहा महिने गेले. मग एका डॉक्टरांनी सांगितलं, "घरात तुम्ही दखनी बोलता, दारात मराठी. पोराचा गोंधळ होतो. एकच भाषा ठेवा." दोन महिने आम्ही घरात मराठीच बोललो. माझ्या पत्नीला दखनीशिवाय लाड करता येत नाहीत. ती नातवाशी बोलेनाशीच झाली.

शेवटी पुण्याला एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी आधी कान तपासून घेतले. मूल बोलत नसेल तर पहिली तपासणी जिभेची नाही, कानांची. हे आम्हाला तिथे कळलं. कान चांगले निघाले. भाषेचं विचारलं तर म्हणाल्या, "दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. शब्द मोजताना मात्र दोन्हींतले धरायचे." पत्नीनं माझ्याकडे असं पाहिलं, की ते दोन महिने मी तिला परत कुठून द्यावेत!

मला वाटलं, आता बाई मुलाला आत नेतील, काहीतरी करतील आणि बोलतं करून बाहेर आणतील. त्या म्हणाल्या, "आजोबा, घरी खेळता तसं त्याच्याशी खेळा." मी चित्रांचं पुस्तक उघडलं. बाईंनी तीन मिनिटं मोबाइलवर चित्रण केलं, ते मला दाखवलं आणि विचारलं, "काय दिसलं?"

मला मी दिसलो. "हे काय? हे कोण? बोल, शेकरू. बोल ना!" तीन मिनिटं नुसती तोंडी परीक्षा. मधेच पोरानं खिडकीकडे बोट केलं होतं, माझ्याकडे पाहिलंही होतं. तेवढ्यात मी पान उलटलं होतं. बाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पुढच्या वेळी काय करून बघाल?" मी म्हणालो, "गप्प बसेन." "किती वेळ?" "मनात दहा मोजेपर्यंत." ठरवलं मीच, त्यामुळे पाळावंही मलाच लागलं.

या पद्धतीला 'कोचिंग' म्हणतात. आपल्याकडे कोचिंग म्हटलं की दहावीचा क्लास डोळ्यांपुढे येतो, म्हणून मला तालमीतला वस्ताद जवळचा वाटतो. तो हौदाबाहेर उभा असतो, डाव पैलवानानं टाकायचा. वस्ताद म्हणजे मुळात उस्तादच. आमच्या गझलेत शागिर्द उस्तादाकडून इस्लाह घेतो, म्हणजे शेर तपासून घेतो. काही उस्ताद ओळ खोडून स्वतःची लिहून देतात. शेर सुधारतो, शागिर्द तिथेच राहतो. काही मात्र शब्दाखाली नुसती रेघ ओढतात आणि वही परत देतात.

हिशेब साधा आहे. तज्ज्ञाच्या खोलीत मुलाला आठवड्याला अर्धा तास मिळतो. दिवसाचे बारा तास ते जागं असतं असं धरलं, तर आठवड्याचे 84 तास होतात, आणि ते घरच्यांसोबत जातात. हे फार पूर्वी ओळखलं ते एका आईनं. हॉलीवूडचे नट स्पेन्सर ट्रेसी यांचा मुलगा जॉन जन्मतः बहिरा होता. त्याची आई लुईस ट्रेसी यांनी 1942 साली लॉस एंजेलिसला एक केंद्र काढलं आणि आईबापांनाच शिकवायला सुरुवात केली, पुढे टपालानंसुद्धा. कॅनडात 1975 साली अयाला मॅनोलसन यांनी बोलायला उशीर होणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी 'हॅनन' हा कार्यक्रम उभा केला. बघा, थांबा, ऐका हे तिथलं सूत्र. माझे दहा आकडे म्हणजे त्यातलं 'थांबा'.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 च्या फेब्रुवारीत पालघरला झाली. पथकं अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात, वाढीत मागे पडलेली हेरतात आणि पुढे पाठवतात. पण पुढे म्हणजे कुठे? भीमाशंकरहून पुणं शंभर किलोमीटरच्या वर. लहानपणी महाशिवरात्रीच्या यात्रेत वडील तिथे बांगड्यांचं दुकान लावायचे, तेव्हापासून तो रस्ता मला माहीत आहे. एक तपासणी म्हणजे एक दिवस आणि एका दिवसाची मजुरी. दर आठवड्याला कोण जाईल?

बाईंच्याच दवाखान्याबाहेर मला त्या वरच्या अंगाच्या एका गावची महादेव कोळी समाजातली आई भेटली. मुलीच्या दोन्ही कानांना यंत्रं. बाईंनी तिला विचारलं होतं, "मुलगी तुमच्याजवळ नुसती बसलेली असते, अशी वेळ कोणती?" ती म्हणाली, हिरडा वाळत घालताना. खेळणी घरात नाहीत, हिरडा अंगणभर. मग तिनंच खेळ काढला. मूठ पुढे करायची, उघडायची नाही, मुलीच्या तोंडाकडे बघत थांबायचं. 'दे' म्हणाली, किंवा तसं काही म्हणाली, की मूठ उघडायची. "आन् आवणीला?" मी विचारलं. "आवणीत न्हाय जमायचं. बाईंना सांगितलं, माझ्या सासूला शिकवा, ती पडवीत असतीया." पुढच्या खेपेला सासू आली.

मला एक धास्तीही वाटते. आईला शिकवलं म्हणजे आमचं काम संपलं, असं कुणी म्हणू लागलं, की मूल बोललं नाही याचा दोष आईच्या पदरात पडायला वेळ लागत नाही. आपल्याकडे तो पदर तयारच असतो. दुभंगलेली टाळू किंवा कानाच्या यंत्राची जुळणी आईच्या मायेनं होत नाही. तिथे जाणकाराचेच हात लागतात. वस्ताद हौदाबाहेर उभा राहिला तर चालेल, तालीम सोडून घरी गेला तर नाही. तालुक्याच्या ठिकाणी एक वाचातज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस जरी बसला, तरी त्या मायलेकींचा प्रवास अर्ध्यावर येईल. तेवढं मागणं जास्त नाही.

आमच्या घरी दखनी परत आली आहे. नातू आता साडेतीन वर्षांचा आहे. दादीशी दखनीत भांडतो, माझ्याकडे वळला की मराठीत तक्रार करतो. त्याचा 'र' अजून आलेला नाही. शेकरूला तो 'शेकलू' म्हणतो. मी दुरुस्त करत नाही, मनात आकडे मोजतो.