‘तक्रारी निरंक’

(बारावीनंतर शिक्षणासाठी शहरात जाणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी वडखळ येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर.)

 

मी इथलाच. वडखळ नाक्यावर एसटीची वाट बघत माझी अकरावी-बारावी गेली. पुढे इंजिनीअरिंग केलं आणि आता सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. मी ना पोलीस, ना वकील. तरी तुम्ही मला बोलावलंत, कारण गेल्या महिन्यात नाक्यावर एका चाचांनी मला विचारलं, “बेटा, पोरीला चांगले मार्क आहेत. मुंबईला पाठवू का? जमाना खराब आहे.” मी तेव्हा घाईत “पाठवा की” म्हणून मोकळा झालो. ते उत्तर अपुरं होतं. आज पुरं करतो.

सुरुवात माझ्यापासून. २००८ साली मी दुसऱ्या वर्षाला होतो, कॉलेजच्या वसतिगृहात राहत होतो. कॉलेजचं नाव घेत नाही. आमच्या मजल्यावर मराठवाड्यातून आलेला पहिल्या वर्षाचा एक मुलगा होता. रात्री जेवणानंतर सीनियर त्याला खोलीत बोलवायचे. उभं करायचे, त्याच्या बोलण्याची नक्कल करायचे, कपडे काढायला लावायचे. भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. मी कानात हेडफोन घालायचो. दिवाळीच्या सुट्टीला तो मुलगा घरी गेला, तो परत आलाच नाही. नंतर एकदा रेक्टरच्या टेबलावर वर्षाचा अहवाल पडलेला दिसला. त्यात एक ओळ होती : रॅगिंगच्या तक्रारी – निरंक.

ती ओळ खोटी नव्हती. तक्रार खरोखरच कोणी केली नव्हती. मीही नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी, मार्च २००९ मध्ये, हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सीनियर मुलांच्या मारहाणीनंतर मरण पावला. देशभर बातम्या आल्या. वर्तमानपत्र वाचताना मला आमच्या मजल्यावरची ती खोली आठवली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, रॅगिंगविरोधी नियम केले आणि हेल्पलाइन सुरू झाली. पण आपल्या महाराष्ट्रात तर १९९९ पासूनच रॅगिंगबंदीचा कायदा होता! संस्थाप्रमुखाने तक्रारीची चौकशी सात दिवसांत करावी आणि दुर्लक्ष केलं तर त्यालाही गुन्ह्याला मदत करणारा धरावं, असं त्या कायद्यात आहे. आम्हा चारशे पोरांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं.

आमच्या कामात एक साधी गोष्ट असते. प्रोग्रॅम कुठे बिघडला याची नोंद तो स्वतः एका फाइलमध्ये करत असतो. ती नोंदच बंद केली, तर स्क्रीनवर सगळं छान दिसतं. मग एके दिवशी सगळंच बंद पडतं आणि कुठे बिघडलं ते कोणालाच कळत नाही. ‘निरंक’ लिहिणाऱ्या कॉलेजचं असंच असतं. म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. कॉलेज सुरक्षित आहे की नाही, हे त्याच्या भिंतीच्या उंचीवरून कळत नाही. तिथे तक्रार केली तर ती लिहून घेतात का आणि तिची पोच देतात का, यावरून कळतं.

आपल्याला वाटतं, धोका गेटबाहेर असतो. मग गेटवर माणूस ठेवला, संध्याकाळी सातला कुलूप लावलं की झालं. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा तिच्याच खोलीत खून झाला. संशय होता तो वसतिगृहातच काम करणाऱ्या माणसावर. तो त्याच दिवशी रेल्वे रुळांवर मृतावस्थेत सापडला. गेट होतं, कुलूप होतं. धोका कुलपाच्या आत होता.

दुसरं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. डॉ. पायल तडवी. जळगावची, तडवी भिल्ल समाजातली मुलगी. आदिवासी आणि मुसलमान. मिरजेत एमबीबीएस करून मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी वसतिगृहाच्या खोलीत तिने आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन सीनियर महिला डॉक्टरांवर ठेवला गेला. त्यांनी तो नाकारला. कोर्टाचं काम कोर्ट करील. मला सांगायचंय ते तिच्या आईबद्दल. आबेदा तडवी यांचं म्हणणं असं, की मुलीला होणारा त्रास घरच्यांनी आधीच वरिष्ठांच्या कानावर घातला होता. कानावर घातला होता, भाऊ. मुलीच्या मृत्यूनंतर कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीने छळ झाल्याचं म्हटलं. पण समिती बसली, तेव्हा पायल नव्हती.

आपण मोहल्ल्यातली साधी माणसं. साहेबांसमोर हात जोडून तोंडी सांगतो आणि “बघतो” ऐकून परत येतो. ‘बघतो’ याची पोच मिळत नाही. त्याच आबेदाताई पुढे रोहित वेमुलाच्या आईबरोबर, राधिका वेमुला यांच्याबरोबर, सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कॉलेजांतला जातिभेद रोखण्याचे नियम नुसते कागदावर राहू नयेत, ही त्यांची मागणी. आपल्यापेक्षा कितीतरी जास्त गमावलेल्या बाईने हे काम हाती घेतलं.

मग करायचं काय? प्रवेश घेतानाच तीन गोष्टी विचारा. फी विचारतो तशाच, न लाजता.

पहिली : रॅगिंगविरोधी समितीत कोण आहे? दरवर्षी विद्यार्थ्याकडून आणि पालकाकडून रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र घेतात. आपण न वाचता सही करतो. ते वाचा. आणि राष्ट्रीय हेल्पलाइन लिहून घ्या : १८००-१८०-५५२२. चोवीस तास चालते.

दुसरी : लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती कुठे बसते? यूजीसीचे याबाबतचे नियम मे २०१६ मध्ये राजपत्रात आले. समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री असावी लागते आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले विद्यार्थीही समितीत असावे लागतात. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. समितीने नव्वद दिवसांत चौकशी पुरी करायची. मुलग्यांनो, असा त्रास तुम्हालाही होऊ शकतो, हेसुद्धा हे नियम मान्य करतात.

तिसरी : गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या? इथे सगळे चमकतात. अमेरिकेत १९८६ साली लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या मुलीचा खून झाला. तिच्या आईवडिलांना नंतर कळलं की आधीच्या तीन वर्षांत तिथे अडतीस हिंसक गुन्हे झाले होते आणि पालकांना कोणी काही सांगितलं नव्हतं. ते भांडले आणि १९९० मध्ये कायदा झाला. तिथल्या कॉलेजांना आता गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी जाहीर करावे लागतात. आपल्याकडेही अंतर्गत समितीने वार्षिक अहवाल द्यायचा असतो. सरकारी किंवा अनुदानित कॉलेज असेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून तो मागता येतो. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ज्या कॉलेजात पाच तक्रारी आल्या आणि पाचही निकाली निघाल्या, तिथे मी माझी भाची बिनघोर पाठवीन. हजारो मुलं आणि दहा वर्षं ‘निरंक’ असेल, तिथे दोनदा विचार करीन.

आता माझ्या धंद्यातलं. कोणी मेसेजवर त्रास देत असेल, धमकी देत असेल, तर घाबरून चॅट पुसू नका. तोच तुमचा पुरावा. नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि फोनबाहेरही कुठे तरी ठेवा. कॉलेजच्या सीसीटीव्हीत काही आलं असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, कारण त्या यंत्रात जागा मर्यादित असते आणि काही दिवसांनी जुन्यावर नवं चढतं. खासगी फोटो पसरवायची धमकी आली तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही. ‘स्टॉपएनसीआयआय’ नावाची एक मोफत सोय आहे, अठरा वर्षांवरच्यांसाठी. फोटो तुमच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त आकड्यांतला ठसा जातो आणि त्यावरून सामील असलेल्या साइट्स तो फोटो ओळखून अडवतात. पैशाची फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन. पहिल्या तासात केला तर पैसे वाटेत अडवले जाण्याची आशा जास्त.

आणि मुलांनो, एक सापळा खास तुमच्यासाठी आहे. हॉस्टेलमध्ये कोणी तरी गोड बोलून म्हणतो, “तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो.” त्या खात्यातून चोरीचे पैसे फिरतात. पोलीस येतात ते खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात. वडखळच्या पत्त्यावर. तेव्हा अब्बांना काय सांगाल?

मोहल्ल्यात जे हळू आवाजात बोललं जातं, तेही बोलतो. एप्रिल २०२४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात एका मुस्लीम विद्यार्थ्याला मैत्रिणीबरोबर असताना, ‘लव्ह जिहाद’चा आरोप करत मारहाण झाली. पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. आपल्या मुलांना वाटतं, “आपलं कोण ऐकणार? उलट आपल्यावरच येईल.” भीती खरी आहे. पण न लिहिलेली तक्रार कोणाच्याच उपयोगी पडत नाही. ११२ वर फोन करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द कुठलीही असो, आणि तिची प्रत फुकट मिळते. ती प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका. शक्यतो एकटे जाऊ नका. मित्र न्या, शिक्षक न्या, गावातून मला बोलवा.

आणि जो नियम आपल्या मुलाला वाचवतो, तोच आपला मुलगा चुकला तर त्यालाही लागू. नकार दिलेल्या मुलीचा पाठलाग करणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ७८. “पोरगं आहे, वय आहे” असं म्हणून आपण ते झाकायचं नाही. २७ जून २०२३ ला पुण्यात सदाशिव पेठेत नकार पचवता न आलेला एक मुलगा कोयता घेऊन कॉलेजच्या मुलीमागे धावला. रस्त्यावर माणसं होती. पुढे झाले ते स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे लेशपाल जवळगे आणि हर्षद पाटील. त्यांनी कोयता अडवला, मुलगी वाचली. जवळच पेरूगेट पोलीस चौकी होती. तिथे हजर नसल्याबद्दल तीन पोलिसांना निलंबित केलं गेलं. प्रत्येकाने कोयता धरावा असं मी म्हणत नाही. पण हेडफोन काढता येतो, दार ठोठावता येतं, ११२ लावता येतो. मला ते २००८ साली जमलं नाही.

शेवटचं, पालकांसाठी. मुलगी त्रास झाल्याचं घरी का सांगत नाही? कारण तिला उत्तर पाठ असतं : “बस्स झालं शिक्षण, परत ये.” म्हणजे गुन्हा दुसऱ्याने करायचा आणि कॉलेज हिचं बंद. मग ती सांगतच नाही, आणि आपल्या घरातही नोंद होते : निरंक. तिच्या फोनमध्ये चोरून माग काढणारं ॲप टाकू नका. ते तिला कळतं, आणि त्या दिवसापासून ती दोन फोन वापरते. त्यापेक्षा पनवेलच्या गाडीत बसवायच्या आदल्या रात्री तिला एक वाक्य सांगा. मुलालाही सांगा. “काहीही झालं, चूक तुझी असली तरी, आधी मला फोन कर. शिक्षण बंद करणार नाही.” आणि फोन येईल तेव्हा शब्द पाळा.

चाचा इथे बसलेत. चाचा, मुलीला पाठवा. तिच्या बॅगेत पापड-लोणचं ठेवाल, त्याबरोबर एक वही आणि हे तीन नंबर ठेवा. पहिल्या आठवड्यात मी स्वतः तिच्याबरोबर कॉलेजच्या ऑफिसात जाईन आणि समितीच्या सदस्यांची नावं लेखी मागेन. सप्टेंबरपर्यंत इथून जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कॉलेजकडून ही यादी आणू आणि मोहल्ल्याच्या फलकावर लावू. कोण कोण येतंय बरोबर, नावं द्या.

 आता प्रश्न विचारा. मुलींनी आधी.