काचेच्या टाकींतील प्रवाळांची वस्ती

पोवळें म्हटलें कीं बहुतेकांस अंगठींतील तांबडा खडा आठवतो. वस्तुतः तो एका प्राणिवसाहतीचा सांगाडा होय. अशा वसाहती करणाऱ्या नानाविध प्रवाळांस खाऱ्या पाण्याच्या टाकींत एकत्र नांदविण्याचा छंद हा सोनेरी मासे पाळण्याहून फारच निराळ्या कोटींतील आहे.

हें घरीं साधतें, असें जाकार्ता येथील ली चिन एंग यांनीं १९६१ सालीं एका लेखांत मांडलें. त्यांची सामग्री अगदीं साधी: समुद्राचें पाणी, जिवंत खडक, उजेड आणि हवेचे बुडबुडे. सच्छिद्र खडकांत राहणारे सूक्ष्म जंतु माशांच्या मलांतून निघणारा विषारी अमोनिया पचवून टाकतात; खडक हें टाकीचें आरोग्यखातेंच म्हणावयाचें. हल्लीं पुष्कळजण कोरडे दगड आणून त्यांवर हे जंतु वाढूं देतात आणि तोंवर कांहीं आठवडे टाकींत एकही प्राणी सोडीत नाहींत. ज्यांस एवढा धीर निघत नाहीं, त्यांचे प्राणी मरतात.

भारतांत पाषाणप्रवाळें २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. मालवणच्या किंवा कच्छच्या समुद्रांतून ढलपी काढून आणणें हा गुन्हा होय. युरोप-अमेरिकेंत मात्र टाकींतल्याच प्रवाळाचा तुकडा, गुलाबाच्या फांदीप्रमाणें, तोडून त्यापासून नवी वसाहत वाढविण्याची रीत रूढ आहे. पुढील वर्णन तिकडच्या टाक्यांचें समजावें.

दगड रचतांना पहिला मोह होतो तो मागच्या काचेला टेकवून भिंत उभारण्याचा. ती दिसतेही भरदार. पण तिच्यामागें पाणी कोंडतें, घाण बसते आणि काच पुसावयास हात जात नाहीं. जाणते लोक चोहोंकडून चार बोटें जागा सोडून दोन लहानमोठे ढीग रचतात आणि मधून ओढ्यासारखी वाट ठेवतात. खालचे दगड वाळूवर न ठेवतां टाकीच्या तळावरच बसवितात. कारण वाळू उकरणारे मासे व कोळंब्या पायाच पोखरतात, आणि ढासळलेल्या दगडानें काच फुटते. कोणास किती प्रकाश व किती प्रवाह मिळावयाचा, हें या रचनेनेंच ठरतें. एकदां प्राणी दगडास चिकटले कीं ती वांटणी सहसा बदलतां येत नाहीं.

फांद्याफांद्यांचें अ‍ॅक्रोपोरा माथ्यावर पाहिजे. त्यास प्रखर प्रकाश आणि जोराचा, दिशा बदलणारा प्रवाह लागतो. मांसल यूफिलिया मध्यावर, जेथें पाणी संथ हलतें. छत्रीसारखीं मऊ प्रवाळें त्याहून खालीं. इतकें पुष्कळांस ठाऊक असतें. विसर पडतो तो शेजाराचा. दिवसा शांत डोलणारें यूफिलिया रात्रीं लांब दाहक तंतु सोडतें आणि वीतभर अंतरावरच्या शेजाऱ्याचें अंग जाळतें. मऊ प्रवाळें तर न शिवतांच लढतात. तीं पाण्यांत अशीं द्रव्यें सोडतात कीं पाषाणप्रवाळांची वाढच खुंटते. त्यावर उपाय म्हणून पाणी सक्रिय कोळशांतून फिरवितात, परंतु तंतूंना अंतरावांचून दुसरा उपाय नाहीं. म्हणून आरंभीं विरळ, किंबहुना ओकी वाटणारी टाकीच बरोबर समजावी. पाहुण्यांस ती आवडत नाहीं, हें खरें.

पाण्यांत दर हजार भागांस सुमारें ३५ भाग क्षार आणि २५ ते २६ अंश तपमान राखावें लागतें. तें उपकरणांनीं साधतें.

बटणांसारख्या रंगीत झोअँथिडांविषयीं मात्र विशेष जपावें लागतें. तीं झपाट्यानें पसरतात, म्हणून त्यांस मुख्य रचनेपासून सुट्या दगडावर ठेवतात. त्यांच्या कांहीं जातींत पॅलिटॉक्सिन नांवाचें अति जहाल विष असतें. असा दगड उकळत्या पाण्यानें धुतांना निघालेल्या वाफेनें घरांतील माणसें आजारी पडल्याचीं उदाहरणें वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलीं आहेत. तो बाहेर काढावा लागलाच तर हातमोजे व चष्मा घालून, गार पाण्यांत, आणि स्वयंपाकघरापासून दूर हाताळतात.